व्यसन सोडताना मनाची मशागत

आषाढ अमावास्येचे दिवे लावून झाले की कोकणातील कितीतरी घरांतून बाटली महिनाभरासाठी हद्दपार होते. श्रावण पाळणारा गृहस्थ मटण-मासळीबरोबर दारूही वर्ज्य करतो आणि गणपतीचे विसर्जन झाले की पुन्हा सुरुवात करतो. या महिन्याविषयी आपल्याकडे दोन समजुती घट्ट रुजल्या आहेत. जो श्रावण पाळू शकतो तो व्यसनी नव्हे, ही पहिली. एकदा महिना काढला की पुढचे सोपे, ही दुसरी. पहिल्या समजुतीमुळे पुष्कळ जण उपचारापासून दूर राहतात. दुसरीमुळे ज्यांनी मनापासून सोडली आहे तेही दोन-तीन महिन्यांत पुन्हा गुत्त्यावर दिसतात, आणि मग "याच्यात दमच नाही" असा शिक्का कायमचा बसतो.

अंजनवेल, वेलदूर, धोपावे या खाडीकाठच्या गावांत आंबा-काजूच्या कार्यक्रमानिमित्त शेतकऱ्यांशी बोलणे होते. मोहोर, तुडतुडे, फळगळ हे प्रश्न सर्वांसमक्ष विचारले जातात. दारूचा प्रश्न मात्र मंडळी उठून गेल्यावर, चहाचा कप हातात असताना, हळू आवाजात निघतो. तोही बहुधा असा: "सोडून दीड महिना झाला, पण माणूस पहिल्यापेक्षा तापट झाला आहे. हे असेच राहणार का?" सदर लेख या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहिला आहे. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, वैद्य नाही. त्यामुळे औषधांच्या मात्रा येथे सांगितलेल्या नाहीत. त्या डॉक्टरांनीच ठरवावयाच्या आहेत.

पहिले चार दिवस: येथे धाडस नको

मनाकडे वळण्यापूर्वी शरीराबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी उठल्यावर ज्याचे हात कापतात आणि घोट घेतला की थांबतात अशाने, एका दिवसात एकदम बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ व बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी हाका मारतो असे वाटते, दिवस-रात्रीचे भान राहत नाही, ताप चढतो. ही अवस्था वेळीच उपचार न मिळाल्यास जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे नेमकी येथेच गफलत होते. अमावास्येला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून कडकडीत बंद, आणि तिसऱ्या रात्री माणूस बडबडू लागला की घरचे म्हणतात, अमावास्येला बाहेरचे काही लागले. मग भगत, गाऱ्हाणे, अंगारा यांत मोलाचे दोन दिवस जातात. देवाला गाऱ्हाणे जरूर घालावे, पण ते रुग्णाला दवाखान्यात पोहोचवल्यावर. दुसरी खबरदारी म्हणजे, गावात येणाऱ्या माणसाकडून नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेऊ नये. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची तीव्र उणीव असते. ते न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून रुग्ण किती व किती वर्षे पीत होता हे डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावे.

आंब्याच्या फवारणीच्या दिवसांत आणखी एक घोटाळा होतो. घाम, थरथर, उलटी, गोंधळलेपण ही लक्षणे काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही दिसतात. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत. तेव्हा शेवटची दारू कधी घेतली आणि शेवटची फवारणी कोणत्या औषधाची व कधी केली, या दोन्ही गोष्टी सांगाव्यात व शक्य असल्यास औषधाचा डबा दाखवावा.

चार दिवस संपले, मन का बिघडते?

दारू मेंदूतील उत्तेजना दाबून ठेवते. वर्षानुवर्षे असे दडपण राहिले की मेंदू त्याविरुद्ध जोर लावून उभा राहण्यास शिकतो. दावे ताणून ओढणाऱ्या गुराचे दावे अचानक कापले तर ते पुढे कोलमडते, तसे पहिल्या आठवड्यात होते. ते सावरले तरी काम संपत नाही. सुख, झोप, भूक, धीर यांसाठी जी यंत्रणा निसर्गाने मेंदूत ठेवली आहे ती इतकी वर्षे दारूच्या आधारावर चाललेली असते. तिला आपल्या पायावर उभे राहण्यास अवधी लागतो.

भाताचा पेंढा न कुजवता चिखलात गाडला तर लावणीनंतर रोपे पिवळी पडतात, हा अनुभव वाचकांना असेल. जमीन बिघडली असे वाटते. वास्तविक पेंढा कुजवणारे जिवाणू काही काळ जमिनीतील नत्र स्वतःसाठी वापरतात. कुजण्याची क्रिया पुढे सरकली की ते नत्र पिकाला परत मिळू लागते. हे माहीत असलेला शेतकरी घाबरून रान मोडत नाही. व्यसन सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने पुष्कळसे असेच पिवळे असतात. झोप तुटक लागते. काहींच्या बाबतीत ती अनेक महिने पूर्ववत होत नाही. क्षुल्लक गोष्टीवर डोळ्यांत पाणी येते, विसरायला होते, कशातच रस वाटत नाही. ही लक्षणे कमकुवत मनाची नसून बऱ्या होत असलेल्या मेंदूची आहेत.

मात्र यालाही मर्यादा आहे. दारूमुळे आलेली उदासी बहुसंख्य लोकांत तीन ते चार आठवड्यांत उतरणीला लागते. त्यानंतरही ती तशीच राहिली किंवा वाढली, तर दारूच्या आड दुसरा आजार असण्याची शक्यता असते व त्यावर स्वतंत्र उपचार घ्यावे लागतात. झोपेसाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. त्यांतील काहींची सवय दारूइतकीच चिवट असते.

राग, पोकळी आणि जुना हिशेब

घरच्यांना सर्वांत जास्त जाचतो तो राग. पिणारा असताना तो सायंकाळी चिडत होता आणि सकाळी ओशाळत होता. आता तो दिवसभर चिडतो आणि ओशाळतही नाही, कारण "मी सोडली आहे ना" हे उत्तर त्याच्याजवळ असते. शिवाय घरच्यांचा विश्वास लगेच बसत नाही. तो उशिरा आला की आई तोंडाचा वास घेते, बायको खिसे तपासते. त्याला हा अपमान वाटतो. तिने दहा वर्षे जे सोसले त्यापुढे तिचा संशय अवाजवी नाही, पण हे त्याच्या त्या वेळच्या मनाला पटत नाही. येथे एक साधी तडजोड उपयोगी पडते. आपण कोठे जाणार आणि कधी परतणार हे त्याने न विचारता आधीच सांगावे. तिने वास घेण्याऐवजी शंका आल्यास सरळ विचारावे. राग चढू लागला तर त्या वेळी वाद मिटवण्याच्या फंदात न पडता एकाने उठून बाहेर जावे.

दुसरी गोष्ट पोकळीची. ज्याने वीस वर्षे सायंकाळी सहा ते नऊ हा वेळ माडीच्या दुकानात काढला, त्याला दारूबरोबर ती बैठक, ते हसणे, ती माणसेही सोडावी लागतात. हा एक प्रकारचा वियोगच असतो. घरात कोणी गेले तर आपण दहा दिवस त्याच्याजवळ बसतो. येथे मात्र सगळे आनंदात असतात आणि हा एकटाच सुतकात. तेव्हा ते तीन तास भरून काढण्याची योजना पहिल्या दिवसापासून हवी. काम असे निवडावे की ज्याला वेळेची सक्ती आहे आणि ज्यात जीव गुंततो. सायंकाळी रोपवाटिकेला पाणी, गाईची धार, भजनाच्या डबलबारीचा सराव, काहीही चालेल. नुसते "मन रमव" असे सांगून मन रमत नाही. एक दुभते जनावर या बाबतीत दहा व्याख्यानांपेक्षा अधिक करते, कारण ते धारेच्या वेळेला हंबरते.

तिसरी गोष्ट अपराधीपणाची. नशेचा पडदा उठला की मागील वर्षांचा हिशेब एकदम दिसू लागतो. सोसायटीचे थकलेले कर्ज, परस्पर विकलेली कलमे, मुलीचे अर्धवट राहिलेले शिक्षण, बायकोवर उगारलेला हात. या काळात पुष्कळ जण उत्साहाच्या भरात एका हंगामात सारे फेडण्याच्या शपथा घेतात. मोठे कर्ज काढून नवी बाग घेणे, जमिनीचा वाद उकरून काढणे, असे निर्णय पहिल्या वर्षात टाळावेत. देण्यांची यादी मात्र लिहून काढावी. डोक्यात फिरणारे कर्ज कागदावर आले की त्याचा आकडा ठरतो, आणि ठरलेल्या आकड्यावर बँकेशी बोलता येते.

याच्या उलट काहींना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फार बरे वाटू लागते. भूक लागते, चेहरा उजळतो, आता आपण कधीच पिणार नाही अशी खात्री वाटते. ही खात्री चांगली असली तरी तिच्यावर विसंबून जुन्या मित्रांच्या बैठकीत "नुसते सोडा घेऊन" बसू नये.

तल्लफ म्हणजे भरती

तल्लफ आली की ती वाढतच जाणार आणि प्यायल्याशिवाय थांबणार नाही, असे पिणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती काही मिनिटे चढते, एका टोकाला पोहोचते आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी तल्लफेला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आणि तिच्याशी झुंजण्याऐवजी ती पाहत तिच्यावर तरंगण्याचा सराव रुग्णांना शिकवला. दाभोळ खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको. भरतीला कोणी ढकलून मागे लोटत नाही. होडी नीट बांधून पाणी उतरेपर्यंत थांबतात.

होडी बांधणे म्हणजे काय, तर घड्याळ पाहावे व अर्धा तास काहीही निर्णय न घेण्याचे ठरवावे. पेलाभर पाणी किंवा कोकम सरबत प्यावे, काही खावे, ठरलेल्या माणसाला फोन करावा. तल्लफ शरीरात कोठे जाणवते, छातीत की घशात, याकडे लक्ष द्यावे. व्यसनमुक्तांच्या गटांत चार अवस्थांपासून जपण्यास सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. शेतकऱ्याच्या दिवसात चौथी व पहिली एकत्रच येतात. दुपारचे जेवण टाळून सायंकाळपर्यंत चिखलणी केलेला माणूस घरी न जाता वाटेवरच्या गुत्त्यात शिरतो. म्हणून पहिल्या वर्षी दुपारचे जेवण चुकवू नये, ही सूचना किरकोळ समजू नये.

एखादे वेळी पाय घसरलाच तर? मार्लट यांनी दाखवून दिले की एका घोटापेक्षा त्यानंतरचा विचार अधिक घात करतो. "सगळे संपले, आता काय राहिले" असे म्हणून माणूस पुढची बाटली उघडतो. एका रात्री रानडुकरांनी चार सऱ्या उकरल्या म्हणून उरलेले शेत कोणी त्यांना मोकळे सोडत नाही. तशा वेळी दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे किंवा गटात जाऊन जे घडले ते सांगावे. घरच्यांनीही त्या सकाळी प्रवचन देऊ नये.

मुक्तांगणने काय दाखवून दिले

मुंबई-पुण्यात गर्दचे व्यसन पसरू लागले तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य पुढे केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यातील येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. कामाची उभारणी मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केली. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ही धुरा सांभाळली.

तेथील निवासी उपचारांचा काळ ३५ दिवसांचा ठेवला गेला. शरीरातील विष उतरण्यास आठवडा पुरतो, मग बाकीचे दिवस कशासाठी? तर योग, श्रम, गटातील बोलणे, समुपदेशन आणि घरच्यांशी पुन्हा संवाद यांसाठी. म्हणजे उपचाराचा मोठा भाग मनासाठीच आहे. घरी गेल्यावरही पाठपुरावा चालू राहतो. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' हा स्वतंत्र गट आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी वाटते. नवरा बरा होत असताना बायकोच्या मनात साचलेला राग वर येतो. इतके दिवस त्याला वेळ नव्हता. तिला "आता तरी हस" असे सांगणे अन्यायाचे आहे. तिलाही बोलण्यासाठी माणूस हवा.

पुण्यास जाणे सर्वांना शक्य नसते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेचा उगम १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन या गावी दोन मद्यपींच्या भेटीतून झाला. एक दलाल होता व दुसरा शल्यचिकित्सक. पिणाऱ्याचे पिणाराच ऐकतो, हे त्यांना आढळून आले. या गटांच्या सभा महाराष्ट्रातही होतात, त्यांना वर्गणी लागत नाही आणि नाव गुप्त राहते. जवळ गट नसेल तर वाडीतील ज्याने पाच-सात वर्षांपूर्वी सोडली आहे असा एक माणूस शोधावा.

नकळत दिलेली गोळी

"रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर दिसतात. पुष्कळ भगिनी त्याला भुलून चहात-आमटीत पूड कालवतात. अशा पुडीत काय आहे याची खात्री नसते आणि डायसल्फिराम असल्यास धोका मोठा असतो. हे औषध शरीरात असताना दारू घेतली की ॲसिटाल्डिहाइड साचते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीने तेच औषध उपयुक्त ठरते. फसवून दिल्यास जीव वाचला तरी घरच्या अन्नावरचा विश्वास जातो.

येथे आमच्या विषयातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बीजप्रक्रियेसाठी आपण वापरतो ते थायरम हे बुरशीनाशक रासायनिकदृष्ट्या डायसल्फिरामचे सख्खे भावंड आहे. १९३० च्या दशकात रबराच्या कारखान्यातील कामगारांना अशा संयुगांच्या संपर्कानंतर दारू सोसत नसल्याचे दिसून आले होते. तेव्हा उघड्या हाताने थायरम चोळून सायंकाळी पिणाऱ्याचा चेहरा तापला, धडधडले, तर ते करणीचे लक्षण समजू नये. हातमोजे वापरावेत.

मशेरी लावणाऱ्या भगिनी

व्यसनाची चर्चा पुरुषांवर संपते. लावणीला वाकलेल्या कित्येक भगिनी सकाळ-दुपार मशेरी लावतात, तीही तंबाखूच. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, कामात चित्त लागत नाही. तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. यात जिवाला धोका नसतो, म्हणून घरात कोणी दखलही घेत नाही, आणि सासू रागावली असे म्हणून विषय संपतो. ज्या घरात सून किंवा सासू मशेरी सोडत आहे तेथे दोन आठवडे स्वयंपाकातील चूक काढू नये, एवढे तरी करता येईल. निकोटिनचे च्युइंगम डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते.

हंगाम पाहून तारीख ठरवावी

पेरणीची तारीख आपण पंचांग आणि पाऊस दोन्ही पाहून ठरवतो. श्रावणाचा महिना सुरुवातीस अनुकूल आहे. लावणी आटोपलेली असते व वाडीत पिणारे कमी असतात. अट एवढीच की भरपूर पिणाऱ्याने अमावास्येपूर्वी डॉक्टरांना भेटलेले असावे. यानंतरचा पहिला उतार गणपतीत येतो. मुंबईहून चाकरमानी येतात, सोबत बाटली आणतात आणि आग्रह करतात. त्यांना आधीच पत्राने वा फोनने कळवावे. पुढे कापणीनंतरचा रिकामा काळ, मग शिमगा, आणि शेवटी मे महिना, जेव्हा आंब्याचे पैसे एकरकमी हाती येतात. पहिल्या वर्षी ही रक्कम स्वेच्छेने पत्नीच्या किंवा संयुक्त खात्यावर जमा करावी. पेटी उतरवण्याच्या दिवशी दलालाकडे एकट्याने जाऊ नये.

कीटकनाशकांची कुलपे

व्यसन सोडल्यानंतरच्या उदासीत आत्महत्येचा विचार येऊ शकतो, आणि शेतकऱ्याच्या घरात विष पडवीतच असते. या विषयावर घरात बोलले तर मनात नसलेला विचार येईल, ही भीती निराधार आहे. "जीव नकोसा वाटतो का?" असे शांतपणे विचारावे. पहिले सहा महिने कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, किंवा साठा शेजाऱ्याकडे हलवावा व फवारणीपुरतेच आणावे. उरलेले औषध दारूच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत तर ताबडतोब बंद करावी.

कोठे जावे

गुहागर येथे ग्रामीण रुग्णालय आहे. चिपळूणजवळ कामथे येथे उपजिल्हा रुग्णालय आणि रत्नागिरीस जिल्हा शासकीय रुग्णालय आहे. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील अशा चार रुग्णालयांपैकी एक होय. तेथे जाण्यास लोक लाजतात. परंतु व्यसन आणि उदासी यांच्यासाठी बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय दूरध्वनी १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे क्रमांक निःशुल्क आहेत. रुग्ण स्वतः बोलण्यास तयार नसल्यास घरातील कोणीही प्रथम फोन करून विचारू शकतो.